सहा दिवस वाजलेला पावा

मित्रांनो, मी एक जुना पावा. पावा म्हटले की तुम्हाला वेळूचा आठवेल, पण मी हाडाचा आहे, मेंढीच्या पायाच्या नळीचा. माझा रंग आता शिळ्या लोण्यासारखा पिवळा पडला आहे. पाच भोकांपैकी मधले एक झिजून मोठे झाले आहे, आणि तोंडापाशी दोन इवल्या दातांच्या खुणा आहेत. त्या दातांची गोष्ट पुढे येईलच. लोक मला गोड म्हणतात. त्या गोडपणापायीच माझ्या हातून एक मोठी चूक झाली. आता मला हात कुठले म्हणा! पण चूक झाली हे खरे, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

इस्राएलाची बारा कुळे, एका बापाच्या बारा मुलांची. रऊबेन त्यांतला थोरला, आणि मी त्याच्या कुळातला. बाकीचे बहुतेक भाऊ यार्देन नदीच्या मावळतीला डोंगरांत राहिले. आमच्या वाट्याला उगवतीचे पठार आले. पठारावर गवत, गवतावर मेंढरे आणि मेंढरांमागे आम्ही. आमच्याकडे मूल जन्मले की लोकरीवर ठेवतात आणि म्हातारे माणूस गेले की लोकरीत गुंडाळतात. मधल्या काळात सगळ्यांच्या अंगाला लोकरीचाच वास येत असतो.

मला घडवले होग्लाने. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. आईबाप गेलेले. ती आणि तिचा चार वर्षांचा भाऊ नमुएल थोरल्या चुलत्याकडे, कर्मीकाकाकडे वाढत होते. कळपाच्या पुढे चालणारी एक पांढरी मेंढी होती, ढवळी. आईमागे नमुएल तिच्याच दुधावर जगला. ती म्हातारी होऊन मेली तेव्हा पोराने रडून रडून सगळ्यांचा जीव नकोसा केला. मग होग्लाने कुत्र्याच्या तोंडातून ढवळीचे एक हाड सोडवून आणले. आठ दिवस ते वाळूने घासले, तांब्याची सुई तापवून पाच भोके पाडली, आणि त्यात स्वतःची दोन बोटे भाजून घेतली.

"अक्का, ढवळी कुठं गेली गं?"

"ही काय, इथंच आहे. फुंक मार, ओरडेल बघ."

त्याने फुंक मारली आणि मी ओरडलो. माझा पहिला सूर इतका भसाडा होता की मेंढवाड्यातली कोकरे दचकून उभी राहिली. पण नमुएल हसला. कितीतरी दिवसांनी तो पहिल्यांदा हसला होता. त्या दिवशी मला माझ्या जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटले.

पुढे होग्लाने त्याला पाच सुरांची हाक शिकवली. आमच्याकडे प्रत्येक कळपाची हाक वेगळी असते. दिवस कलला की विहिरीवर सहा कळप एकत्र येत, दगडी डोणीत तोंडे घालून पाणी पीत, आणि कोणाचे मेंढरू कोणते हे देवालाच कळे. मग एकेक मेंढपाळ आपला पावा वाजवी. मी वाजलो की त्या गर्दीतून आमचीच मेंढरे तेवढी मान वर करून निघत, एकही परके नाही. मला तेव्हा फार अभिमान वाटे.

होग्ला अठराची झाली आणि तिचे लग्न ठरले. नवरा नफताली कुळातला, यहसेल नावाचा, नदीपलीकडचा, तीन दिवसांच्या वाटेवरचा. निघताना तिने मला भावाच्या कमरपट्ट्यात खोचले.

"नमू, माझ्याकडे आलास की दारात उभं राहून हाका मारू नकोस. खाली ओढ्यापासून वाजवत ये. पाच सूर ऐकले की मी मसूर शिजत घालीन. तू डोंगर चढून येशील तोवर शिजलेले असतील."

"आणि तू घरात नसलीस तर?"

"घरामागं एक मोठा खडक आहे म्हणे. तिथं बसून ऐकत असेन. तू ये तर खरा."

नमुएल दरसाल जाईन म्हणाला होता. गेला एकदाच. ओढ्यापाशी मी वाजलो आणि वर डोंगरावर तिच्या घरातून धूर निघाला. तो धूर मी कधी विसरलो नाही. बाकीची वर्षे मेंढरांत गेली, "पुढच्या साली जाऊ" म्हणण्यात गेली.

आता आमच्या कुळाची एक रीत सांगतो, कारण सगळे त्या रीतीवरच अडले. काही मोठे ठरवायचे झाले की पाच जाणती माणसे विहिरीभोवती बसत. प्रत्येकाच्या हातात काठी उभी धरलेली. ज्याला पटले त्याने काठी आडवी ठेवायची. पाचही काठ्या आडव्या झाल्या की ठरले. आणि बोलणे चालू असेपर्यंत एकाने पावा वाजवायचा, म्हणजे आवाज चढत नाहीत, माथी भडकत नाहीत. दिवस मावळला की बैठक उठे आणि उजाडले की पुन्हा बसे, पण ठरेपर्यंत कोणी वस्ती सोडायची नाही. वाजवणाऱ्याला मात्र एक हक्क होता. त्याने पावा विहिरीच्या दगडावर ठेवला, तर बैठक मोडली. मग ज्याने त्याने आपल्या मनाने वागावे. पण वडीलधाऱ्यांची बैठक मोडायची म्हणजे त्यांच्या तोंडावर थुंकण्यासारखेच. असे कोणी केल्याचे कोणालाही आठवत नव्हते.

नमुएल वीस वर्षांचा झाला आणि बैठकीत मला वाजवू लागला. माझ्या गोडीची सगळ्या पठारावर वाखाणणी होती.

त्याच वसंतात, लोकर कातरण्याच्या दिवसांत, यहसेलचा धाकटा भाऊ गूनी धापा टाकत आला. पलीकडच्या खोऱ्यातल्या कनानी राजाने कित्येक वर्षे आमच्या भावांना छळले होते. त्याच्याकडे लोखंडी रथ होते आणि आमच्या भावांकडे दांडकी, गोफणी. आता डोंगरावर ताडाखाली बसून न्याय करणाऱ्या एका बाईने सगळ्या कुळांना हाक दिली होती. नफताली कुळ तर सगळ्यांत पुढे उभे होते, कारण राजाचे रथ त्यांच्याच दारात येणार होते.

"पाच-सहा दिवसांत लढाईला तोंड फुटेल. आज निघालात तर पोचाल," गूनी म्हणाला. मग नमुएलकडे वळून हळूच बोलला, "वहिनीला सातवा महिना आहे. दहा वर्षांनी दिवस गेलेत. म्हणाली, नमूला सांग, मी खडकावर बसून ऐकतेय."

नमुएलच्या बोटांना घाम फुटला. मला तो कळला. लगेच बैठक बसली, आणि रीतीप्रमाणे त्याला मला ओठांना लावावे लागले.

पहिल्याच दुपारी तीन काठ्या आडव्या झाल्या. "आपण थोरले!" एक जण म्हणाला. "थोरल्यानं मागं राहायचं म्हणजे लाज." सगळ्यांच्या छात्या फुगल्या. पण कर्मीकाकाची काठी उभीच होती.

"जाऊ की. नाही कोण म्हणतंय?" काका म्हणाला. "पण मागच्या खेपेला आपण असेच नदीपलीकडं भावांच्या मदतीला गेलो होतो, आणि मागून शेजारची मवाबी टोळी आली. माझी पोर नोवा सहा वर्षांची होती रे. मेंढरांबरोबर तिलाही घेऊन गेले. तुम्ही सगळे विसरलात. मला विसरता येत नाही."

 मीसुद्धा तेव्हा जरा हळू वाजलो. काका काही भित्रा नव्हता, मित्रांनो. त्याचे काळीज एकदा पोळले होते.

गूनीने एक दिवस वाट पाहिली. दुसऱ्या सकाळी त्याने चपला बांधल्या.

"बैठक चालू असताना पाहुण्यानं उठू नये," कोणीतरी म्हणाले.

"तुमचा पावा लई गोड आहे हो," गूनी म्हणाला. "ऐकून झोप येते. आमच्याकडं सध्या कुणाला झोपायला वेळ नाही." आणि तो निघून गेला.

तिसऱ्या दिवशी चार काठ्या आडव्या होत्या, संध्याकाळी पुन्हा दोनच. कारण कोणाच्या तरी लक्षात आले की अर्धी मेंढरे कातरून झाली आहेत आणि अर्धी बाकी आहेत. उघड्या पडलेल्या मेंढरांना पठारावरचा वारा बाधतो. त्यांना आडोशाला कोण नेणार? आणि न कातरलेल्यांची लोकर काट्यांत गुंतून फुकट जाईल त्याचे काय? मेंढपाळाला हा प्रश्न खोटा वाटत नाही. तिथेच आमचे चुकले. सगळेच प्रश्न खरे होते.

बाजूला चातीवर सूत कातत मिल्का आजी बसली होती. ती न राहवून बोललीच.

"रोज सकाळी वाघ, आणि रोज संध्याकाळी मेंढरं! अरे, आधी तुम्हालाच कातरायला हवं."

लोक हसले. मी वाजतच होतो.

आणि मग चौथा दिवस आला. दुपारची वेळ होती, वारा पडला होता. नमुएलने एकाएकी मला ओठांपासून दूर केले. त्याचा हात विहिरीच्या दगडाकडे गेला. दगड माझ्यापासून वीतभरच राहिला होता. मला कळले की तो आता मला ठेवणार, उठणार आणि बहिणीकडे पळत सुटणार. त्याच्यामागे वीस-पंचवीस तरुण तयारच होते.

तेवढ्यात कर्मीकाका मान न वळवता म्हणाला, "का थांबलास रे, बाळा? काय गोड वाजवतोस तू. तुझी आई अशीच गुणगुणायची. वाजव, तेवढाच माझ्या जिवाला विसावा."

मित्रांनो, ज्या माणसाने लहानाचे मोठे केले, त्याचा हा शब्द. नमुएलचा हात परत फिरला. आणि मी? मी त्याला थांबवायला हवे होते. भोकात कचरा अडकल्यासारखा घुसमटायला हवे होते, फुटायला हवे होते. पण मला गोड म्हटले होते ना! मी त्या दुपारी वाजलो तसा कधीच वाजलो नसेन. सगळे डोळे मिटून ऐकत होते. आणि तिकडे खडकावर बसून एक पोटुशी बाई कान देऊन माझीच वाट पाहत होती.

सहाव्या दिवशी पाचवी काठी आडवी पडली. कर्मीकाका डोळे पुसत म्हणाला, "जा. नोवाचं काय व्हायचं ते झालं. होग्लाला तरी सांभाळा." सगळ्यांनी गोफणी घेतल्या, भाले घेतले आणि ते मोठ्या आवेशात निघाले. पण नदीच्या उताराशी पोचतो तोच पलीकडून ढोल ऐकू आले. लढाई झाली होती. पाऊस कोसळून ओढ्याला पूर आला होता, लोखंडी रथ चिखलात रुतले होते आणि आमचे भाऊ जिंकले होते. ते गात होते. कोण कोण आले त्यांची नावे गाण्यात होती. आमचेही होते. हे थोरले मेंढरांत का बसून राहिले, असे ते गाण्यात विचारत होते. आमच्या लोकांनी ते पाण्याच्या अलीकडे उभे राहून ऐकले, आणि कोणी कोणाकडे न बघता मागे फिरले.

नमुएल एकटा पुढे गेला. होग्लाच्या डोंगराखाली ओढ्यापाशी त्याने मला वाजवले. पाच सूर. वर धूर निघाला नाही. पुन्हा वाजवले. तिसऱ्यांदा वाजवताना त्याचा श्वास पुरेना.

होग्ला दारात बसून दळत होती. तिने वर पाहिले.

"आलास?"

"अक्का..."

"हे गेले. पहिल्याच चढाईत." ती जात्यात मूठभर सातू घालत म्हणाली. "लढाईच्या आदल्या दिवसापर्यंत मी खडकावर बसत होते. शेळीचं घुंगरू वाजलं तरी वाटायचं, आला माझा नमू. किती दिवस बसले होते रे तुमचे लोक?"

"सहा."

"आणि पावा कोण वाजवत होतं?"

 नमुएलने मला तिच्या मांडीवर ठेवले. "मोडून टाक, अक्का."

तिने मला उचलले. माझी दोन्ही टोके तिच्या मुठींत होती. मी म्हटले, मोड बाई, माझी काही तक्रार नाही. पण तिचा अंगठा माझ्या भोकांवरून फिरला, तिनेच पाडलेल्या भोकांवरून.

"ढवळीचं हाड हे," ती म्हणाली. "तिनं तुला दूध पाजलं. तिला कशी मोडू? पण तुझ्यापाशी नको. इथंच राहू दे."

तिने भावाला भाकरी आणि दही दिले. तो जेवला आणि माझ्याशिवाय परत गेला.

मग मी भिंतीतल्या कोनाड्यात पडलो. माझ्यात कोळ्याने जाळे केले. धूळ बसली, पिठाची आणि राखेची. कोणी फुंकर मारत नव्हते, आणि खरे सांगू, मलाही वाजावेसे वाटत नव्हते. दोन महिन्यांनी घरात मूल रडले. मुलगी झाली होती, तिर्सा. तिला दात येऊ लागले तेव्हा ती दिसेल ते चावायची. एकदा होग्लाने दुसरे काही हाताशी नाही म्हणून मला धुऊन तिच्या मुठीत दिले. तिने मला चावले. फार लाळ गळत होती तिची. त्या दोन खुणा अजून माझ्या अंगावर आहेत आणि माझ्या सगळ्या कौतुकांत मला तेच मोठे वाटते.

नमुएल आता खरोखरच दरसाल येऊ लागला. पहिल्या कातरणीची सगळ्यांत मऊ लोकर गाढवावर घालून आणायचा आणि ओढ्यापासून परक्यासारखी हाक मारायचा, "कुणी आहे का वर?" असे बाराएक वर्षे चालले. मग एकदा तिर्साने कोनाड्यातून मला काढले आणि सहज फुंकर मारली. जाते थांबले.  त्या वर्षी भाऊ निघाला तेव्हा तिने मला त्याच्या कमरपट्ट्यात खोचले.

"ने परत. मेंढरं काय हातवारे करून वळवतोस? हसत असतील तुला." मग ती गंभीर झाली. "बैठकीतही वाजव. पण वाजवताना एक लक्षात ठेव, नमू. मी ऐकत असते."

त्यानंतर तीन वसंत गेले. पुन्हा कातरणीचे दिवस होते, पुन्हा अर्धी मेंढरे उघडी, आणि पुन्हा नदीपलीकडून माणूस आला. वाळवंटातल्या उंटस्वारांच्या टोळ्या पिकांवर उतरल्या होत्या आणि नफतालीच्या डोंगराकडे सरकत होत्या. बैठक बसली. कर्मीकाका आता पार थकला होता, डोळ्यांनी त्याला जवळजवळ दिसत नव्हते. नमुएलने मला ओठांना लावले. मी वाजू लागलो, आणि बोलणे सुरू झाले. मवाबी येतील. लोकर काट्यांत जाईल. आडोशाला कोण नेईल? तेच शब्द, तेच खरे प्रश्न. काठ्या उभ्याच होत्या.

दगडावरचे ऊन वीतभर सरकले. नमुएलने एक लांब श्वास घेतला. मला वाटले, आता मोठा सूर लावणार. पण त्याने मला ओठांपासून काढले आणि दगडावर ठेवले. अलगद, झोपलेल्या पोराला ठेवावे तसे.

दगड गार होता.  डोणीवरची मेंढरे माना वर करून बघू लागली.

"कोण थांबलं?" कर्मीकाका म्हणाला. "नमू? दमलास का रे?"

"नाही, काका. ठेवला मी पावा."

"पाचही काठ्या उभ्या असताना?"

"हो. मला मारा, वस्तीतून काढा. पण अक्का ऐकतेय, काका. तिला इथला पावा ऐकू जात नाही."

 मी दगडावर पडून काकाच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. मला वाटले, आता तो काठी उगारणार. मग त्याने चाचपडत आपली काठी पुढे केली. ती त्याने आडवी ठेवली नाही. ती त्याने नमुएलच्या छातीला लावली.

"ही घे. चांगली जड आहे. मला आता कुठं चालायचंय?" म्हातारा म्हणाला. "मेंढरांचं मी बघतो. बघतो म्हणजे चाचपतो. निघा. आणि तो पावा विसरू नकोस, नाहीतर ती मसूर कधी घालणार?"

ऊन उतरायच्या आत साठ माणसे वाटेला लागली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या ओढ्यापाशी पोचलो. टोळ्या अजून दोन दिवस मागे होत्या. पुढे त्या आल्या, पण डोंगर माणसांनी भरलेला पाहून किरकोळ चकमकीनंतर कडेकडेनेच निघून गेल्या. आमचे दोघे जण लंगडत का होईना, सगळ्यांबरोबर घरी आले. पण मला सांगायचे आहे ते त्या सकाळचे. नमुएलने मला हातात घेतले. त्याची दाढी पांढरी होऊ लागली होती, पण मला धरले त्याने चार वर्षांच्या पोरासारखे, दोन्ही हातांनी घट्ट. त्याने पाच सूर वाजवले. पहिला सूर भसाडा आला, अगदी मी जन्मलो तेव्हासारखा. आम्ही वाट पाहिली.  आणि मग वर, खडकाच्या अलीकडे, धुराची एक बारीक रेघ निघाली.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. तिर्साची मुले मला वाजवतात. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी जुने असेल तर त्याला अडगळीत टाकू नका. अधूनमधून तेलाचे बोट लावा, आतली धूळ काढा, मुलांच्या हाती द्या. दात उमटले तर उमटू देत. पण माझे एक मागणे आहे. मी कितीही गोड वाजत असलो आणि तुमच्या माणसाने लांबून हाक मारली, तर आधी मला खाली ठेवा. मी रुसणार नाही. तिकडे कोणीतरी खडकावर बसले आहे, आणि मसूर शिजायला वेळ लागतो.